बूस्ट कन्व्हर्टरचं सिम्युलेशन: आउटपुट चढत नाही, भलतंच चढतं किंवा रन मधेच अडकतो

बूस्ट कन्व्हर्टर म्हणजे कमी डीसी व्होल्टेजपासून जास्त व्होल्टेज काढणारं सर्किट. त्यात मोजून चार घटक: इंडक्टर, स्विच, डायोड, कपॅसिटर. सर्किट मांडायला पाच मिनिटं पुरतात. रन केल्यावर मात्र आउटपुट ४.६ व्होल्टवर बसून राहतं, किंवा १२ च्या ऐवजी ३३ दाखवतं, किंवा टाइमस्टेप फार लहान झाल्याचा निरोप येऊन सगळं थांबतं. अशा वेळी बहुतेक जण सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि तिथेच वेळ घालवतात. दोष बहुधा सर्किटमध्ये किंवा एखाद्या न भरलेल्या मॉडेलमध्ये असतो, आणि तो शोधायला दोनच वेव्हफॉर्म पुरतात: स्विच-नोडचं (इंडक्टर, स्विच आणि डायोड जिथे जुळतात त्या बिंदूचं) व्होल्टेज आणि इंडक्टरचा करंट. आउटपुटचा आलेख फक्त काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो. काय बिघडलंय ते या दोन आलेखांत दिसतं.

पुढचं सगळं एलटीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर धरून लिहिलं आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिम वापरत असाल तर त्याच्या पोटात एनजीस्पाइस चालतं, त्यामुळे बहुतेक गोष्टी तिथेही लागू आहेत; जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, प्रोग्रॅममध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.

आधी हातानं आकडे काढा

उदाहरणाचं सर्किट असं: इनपुट ५ व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट, लोड २४ ओहम म्हणजे अर्धा अँपिअर, स्विचिंग १०० किलोहर्ट्झ, इंडक्टर ४७ मायक्रोहेन्री, आउटपुट कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड.

ड्युटी म्हणजे आवर्तनातला स्विच चालू असण्याचा वाटा. आदर्श ड्युटी = १ − (५ ÷ १२) = ०.५८३. १० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात स्विच ५.८३ मायक्रोसेकंद चालू. आउटपुटची शक्ती ६ वॅट, म्हणून इंडक्टरचा सरासरी करंट ६ ÷ ५ = १.२ अँपिअर. इंडक्टरमधला रिपल, म्हणजे करंटची वरखाली = ५ × ५.८३ ÷ ४७ = ०.६२ अँपिअर. म्हणजे करंट ०.८९ ते १.५१ अँपिअरमध्ये वरखाली होणार. कपॅसिटरवरचा रिपल = ०.५ × ५.८३ ÷ १०० = सुमारे २९ मिलिव्होल्ट.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सिम्युलेशनचं उत्तर बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही. सुबक दिसणारा आलेखसुद्धा दुप्पट चुकलेला असू शकतो.

सर्किट नीट चालत असेल तर स्विच-नोडवर चौकोनी लाट दिसते. स्विच चालू असताना ती जवळपास शून्यावर, बंद असताना आउटपुट अधिक डायोडचा ड्रॉप, म्हणजे १२.४ व्होल्टच्या आसपास. इंडक्टरचा करंट त्रिकोणी, आणि शून्याला न टेकणारा. यापेक्षा वेगळं जे काही दिसेल, तिथून शोध सुरू करायचा.

आउटपुट ४.६ व्होल्टवरच अडकलं आहे

५ वजा डायोडचा ड्रॉप, म्हणजे स्विच चालतच नाही. इनपुट इंडक्टर आणि डायोडमधून सरळ आउटपुटला जातं आहे. स्विच-नोडवर ५ व्होल्टची सपाट रेघ दिसेल.

गेटचं व्होल्टेज थेट गेटच्या पिनवर मोजा, पल्स सोर्सपाशी नव्हे. सोर्सपाशी लाट दिसते आणि पिनवर दिसत नाही, असं झालं तर वायर जोडल्यासारखी दिसते पण जोडलेली नाही, किंवा दोन ठिकाणच्या नोडच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. हा दोष फार वेळा सापडतो, म्हणून तो पहिला तपासा.

गेटवर लाट आहे तरी स्विच-नोड शून्याकडे येत नसेल, तर गेटला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. आयआरएफ५४०एन या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड (उघडू लागण्याचं गेट व्होल्टेज) २ ते ४ व्होल्ट आहे आणि त्याच्या चालू रोधाचा ४४ मिलिओहमचा आकडा गेटवर १० व्होल्ट असतानाचा आहे. त्याला ३.३ व्होल्टची पल्स दिली तर तो अर्धवट उघडतो. चालू काळात स्विच-नोड तळाला टेकत नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतो. पल्सची उंची १० व्होल्ट करून पाहा. त्यानं प्रश्न सुटला तर ड्रायव्हर लागेल, किंवा आयआरएलझेड४४एनसारखा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट घ्यावा लागेल. त्याचा रोध ५ व्होल्टच्या गेटलाही दिलेला असतो.

मॉस्फेट उलटा बसला असेल तर चित्र वेगळंच दिसतं. त्याच्या आतला डायोड इनपुटकडून ग्राउंडकडे कायम चालू राहतो, स्विच-नोड ०.८ व्होल्टच्या आसपास अडकतो आणि इंडक्टरमध्ये १०० मिलिओहम रोध धरला असेल तर करंट ४० अँपिअरपर्यंत जातो. डायोड उलटा असेल तर आउटपुट शून्य, आणि स्विच बंद झाला की इंडक्टरच्या करंटला वाटच उरत नाही. स्विच-नोड हजारो व्होल्टवर उडी मारतो आणि रन बहुधा तिथेच मरतो. त्यामुळे टाइमस्टेपचा निरोप अगदी पहिल्या आवर्तनातच आला तर सेटिंगला हात लावण्याआधी डायोडची दिशा बघा.

पल्स सोर्समध्ये भरलेले शून्य

क्रम असा: सुरुवातीचं व्होल्टेज, वरचं व्होल्टेज, विलंब, चढ, उतार, चालू काळ, आवर्तन. चढ आणि उताराच्या जागी शून्य भरलं तर एलटीस्पाइस ते शून्य मानत नाही. ते स्वतःच्या हिशेबानं बराच मोठा काळ धरतं. मग चौकोनी पल्सच्या जागी उतरत्या बाजूंचा समलंब दिसतो आणि ड्युटी हाताबाहेर जाते. एकदा गेटच्या लाटेवर झूम करून कर्सरनं कडा मोजा, फरक डोळ्यांना दिसेल.

बरोबर ओळ अशी: पल्स(० १० ० १०एन १०एन ५.८२यू १०यू). चालू काळात चढ-उतार मोजले जात नाहीत. निम्म्या उंचीवर मोजलेली रुंदी म्हणजे चालू काळ अधिक चढ-उताराची सरासरी, म्हणून ५.८३ च्या जागी ५.८२.

याच जागी एककांची चूकही लपलेली असते. स्पाइसमध्ये एकट्या एमचा अर्थ मिली, मग तो मोठा लिहा की छोटा. दहा लाखासाठी मेग लिहावं लागतं. आउटपुटपासून ग्राउंडला लावलेला १ मेगाओहमचा रोध १एम असा लिहिला तर तो १ मिलिओहम होतो आणि आउटपुट ग्राउंडला शॉर्ट झाल्यासारखं वागतं. तसंच एफ म्हणजे फेम्टो. १००यूएफ चालतं, कारण यू नंतरची अक्षरं सोडून दिली जातात. पण सुपरकपॅसिटर म्हणून नुसतं १एफ लिहिलं तर तो १ फेम्टोफॅरडचा होतो, म्हणजे नसल्यातच जमा. आणि आकडा व एकक यांच्यामध्ये जागा सोडू नका.

चालतंय, पण १२ ऐवजी १०-११ व्होल्टच येतात

हे बिघाडाचं लक्षण नाही, तोट्यांचं आहे. प्रश्न एवढाच की ते तोटे खरे आहेत की डीफॉल्ट मॉडेलनं लादलेले.

व्होल्टेजनं चालणारा स्विच, म्हणजे एसडब्ल्यू मॉडेल, काहीच न भरता वापरलं तर त्याचा चालू रोध १ ओहम असतो. एनजीस्पाइसमध्येही तसंच. आपल्या सर्किटमध्ये ०.४ व्होल्टचा डायोड धरून ११.६ व्होल्ट यायला हवेत. या १ ओहममुळे ते १०.२ वर येतात. शिवाय डीफॉल्ट थ्रेशोल्ड शून्य आहे, त्यामुळे गेट शून्यावर असताना स्विच बरोबर उंबरठ्यावर उभा राहतो. स्विचचं मॉडेल हातानं भरा: रॉन (चालू रोध) ५०एम, रॉफ (बंद रोध) १मेग, व्हीटी (थ्रेशोल्ड) २.५, व्हीएच (हिस्टेरेसिस) −०.५. हिस्टेरेसिस ऋण दिलं की एलटीस्पाइस स्विचला झटक्यात न बदलता हळुवार बदलतं आणि गणित सुरळीत होतं. ही सोय एलटीस्पाइसची आहे, ईसिममध्ये तिच्यावर विसंबू नका.

डायोडचंही तसंच. नुसतं डी नावाचं डीफॉल्ट मॉडेल १.५ अँपिअरला सुमारे ०.८४ व्होल्ट खातं, त्यात रोध नाही की कपॅसिटन्स नाही. हे ना आदर्श आहे ना खऱ्या शॉट्कीसारखं. १एन५८१९ निवडा, ४० व्होल्ट, १ अँपिअरचा शॉट्की, आणि आपल्या डायोडचा सरासरी करंट लोडइतकाच, अर्धा अँपिअर. १एन४००७ इथे लावू नका. तो मुख्य वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झसाठी आहे, त्याचा रिव्हर्स रिकव्हरीचा काळ मोठा असतो. १०० किलोहर्ट्झला स्विच चालू होताना तो अजून बंदच झालेला नसतो आणि आउटपुट कपॅसिटर क्षणभर स्विचमधून ग्राउंडला रिकामा होतो. प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला स्विचच्या करंटमध्ये उंच सुळका दिसला तर कारण हेच.

इंडक्टरला रोध दिला नाही तर एलटीस्पाइस स्वतःहून १ मिलिओहम धरतं. बाजारातल्या साध्या ४७ मायक्रोहेन्रीला १०० मिलिओहम धरणं रास्त. हे सगळं घालून, म्हणजे इंडक्टर १०० मिलिओहम, स्विच ५० मिलिओहम, डायोड ०.४ व्होल्ट, ड्युटी ०.५८३ ठेवली तर ११.२५ च्या आसपास व्होल्ट येतात, आणि १२ मिळवायला ड्युटी सुमारे ०.६१ करावी लागते. चालू काळ ६.१ मायक्रोसेकंद. सिम्युलेशनचं उत्तर या आकड्यांच्या जवळ असेल तर सर्किट बरोबर आहे. ड्युटी वाढवा आणि पुढे जा.

पण ड्युटी वाढवून व्होल्टेज वाढतंच राहील असं समजू नका. इंडक्टरचा रोध १ ओहम असेल तर, बाकीचे तोटे शून्य धरूनसुद्धा, या सर्किटची कमाल मजल १२.२ व्होल्ट आहे, तीही ड्युटी ०.८ च्या आसपास. त्यापुढे ड्युटी वाढवली की आउटपुट उतरतं. सूत्र सोपं आहे: रोध भागिले लोड याचं वर्गमूळ काढा, तेवढा बंद काळाचा वाटा उरला की शिखर आलं. १ ÷ २४ चं वर्गमूळ ०.२०४.

आउटपुट ३३ व्होल्ट, किंवा चढतच चाललंय

इंडक्टरच्या करंटकडे बघा. तो प्रत्येक आवर्तनात शून्याला टेकून काही काळ तिथेच थांबतो का? थांबत असेल तर सर्किट खंडित वहनात गेलं आहे आणि तिथे १ ÷ (१ − ड्युटी) हे सूत्र चालत नाही.

आपल्या आकड्यांना ही सीमा सुमारे ९३ ओहमवर आहे. लोड त्याहून हलका, म्हणजे ओहम जास्त, झाला की आउटपुट वर सरकायला लागतं. १ किलोओहमला त्याच ०.५८३ ड्युटीवर जवळपास ३३ व्होल्ट येतात, आणि ते उत्तर बरोबर आहे. पुष्कळदा घोळ असा असतो की लोडची जागा तात्पुरती म्हणून १के नं भरलेली असते आणि ती बदलायची राहून जाते.

लोडच नसेल तर? प्रत्येक आवर्तनात इंडक्टर ०.६२ अँपिअरपर्यंत भरतो, म्हणजे सुमारे ९ मायक्रोज्यूल, आणि ती सगळी ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठत जाते. सेकंदाला एक लाख आवर्तनं धरली तर एका सेकंदात १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १३० व्होल्टच्या पुढे जातो. सिम्युलेटरला याचं काही वाटत नाही. एलटीस्पाइसच्या मॉस्फेट यादीत लिहिलेलं ड्रेन-सोर्स व्होल्टेज, चालू रोध आणि गेट चार्ज हे आकडे फक्त निवडीच्या सोयीसाठी आहेत, गणितात ते धरले जात नाहीत. ५५ व्होल्टचा मॉस्फेट १३० व्होल्टवर बिनतक्रार चालताना दिसेल. टेबलावर तो जळेल, आणि आउटपुटचा १६ किंवा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक त्याच्याही आधी फुगेल. फीडबॅक नसलेला बूस्ट लोडशिवाय कधीही चालवू नका, सिम्युलेशनमध्ये सवय म्हणूनसुद्धा नाही.

खंडित वहनात स्विच-नोडवर ५ व्होल्टच्या भोवती विरत जाणारी घंटेसारखी लाट दिसते. ती चूक नाही. इंडक्टर आणि मॉस्फेट-डायोडचा कपॅसिटन्स मिळून ती होते. ४७ मायक्रोहेन्री आणि २०० पिकोफॅरडला तिची वारंवारता साधारण १.६ मेगाहर्ट्झ येते.

सुरुवातीला आउटपुट उसळतं

शून्य क्षणाला आउटपुट ४.६ व्होल्टच्या आसपास का असतं, हा नेहमीचा प्रश्न. सिम्युलेटर आधी डीसी स्थिती काढतो, त्यात स्विच बंद असतो, म्हणून कपॅसिटर डायोडमधून आधीच भरलेला सापडतो. आज्ञेत यूआयसी जोडलं तर हा टप्पा वगळला जातो आणि सगळं शून्यापासून सुरू होतं. खऱ्या जगातला पॉवर-ऑन बघायचा असेल तर स्टार्टअप हा पर्याय बरा, तो स्रोत पहिल्या २० मायक्रोसेकंदांत चढवतो.

तिथून आउटपुट १२ वर थांबत नाही, पुढे निघून जातं. फीडबॅक नसलेल्या बूस्टमध्ये इंडक्टर ४७ नव्हे तर ४७ ÷ (०.४१७ चा वर्ग) = २७१ मायक्रोहेन्रीचा असल्यासारखा वागतो आणि १०० मायक्रोफॅरडबरोबर सुमारे ९७० हर्ट्झला झुलतो. तोटे नसतील तर हे झुलणं शमायला २० मिलिसेकंद लागतात. इंडक्टरला १०० मिलिओहम दिले की ४-५ मिलिसेकंदांत शांत होतं, तरी शिखर १५-१६ व्होल्टवर जातंच. म्हणून २ मिलिसेकंदांचा रन करून आउटपुट अस्थिर आहे असा निष्कर्ष काढू नका, आणि तोटे शून्य ठेवून उसळीची चिंताही करू नका.

चिंता करायची ती त्या वेळच्या करंटची. चालू होताना इंडक्टरमध्ये ८ ते १० अँपिअर वाहतात, स्थिर अवस्थेच्या शिखराच्या पाचसहा पट. साध्या इंडक्टरचं मॉडेल संपृक्त होत नाही, त्यामुळे सिम्युलेशन गप्प राहतं. खरा २ अँपिअरचा इंडक्टर तिथे आपला इंडक्टन्स गमावतो, करंट आणखी उसळतो आणि मॉस्फेटवर येतो. हे बघायचं असेल तर एलटीस्पाइसमध्ये इंडक्टरच्या किमतीच्या जागी फ्लक्स=४७यू*२*टॅनएच(एक्स/२) असं लिहा; एक्स म्हणजे त्याचा स्वतःचा करंट. २ अँपिअरला इंडक्टन्स मूळच्या सुमारे ४२ टक्के उरतो. ही एक ओळ घालून पुन्हा रन करा आणि सुरुवातीच्या करंटचा आलेख आधीच्या आलेखाशेजारी ठेवा. सॉफ्ट-स्टार्ट (ड्युटी हळूहळू वाढवत सुरुवात करणं) का लागतो हे समजावायला दुसरं काही लागणार नाही.

फक्त स्थिर अवस्था हवी असेल तर वाट बघत बसण्याऐवजी सुरुवातीची स्थिती देऊन टाका: डॉट आयसी व्ही(आउट)=१२ आय(एल१)=१.२.

टाइमस्टेप फार लहान, किंवा रन रांगतोय

सिम्युलेटर अशा ठिकाणी अडकतो जिथे काहीतरी शून्य वेळात बदलायला सांगितलं आहे. शून्य चढ-उतार, रोध नसलेला स्विच, कपॅसिटन्स नसलेला डायोड, आणि त्यांच्यामध्ये इंडक्टर. खऱ्या घटकांत हे कधीच नसतं, म्हणून इलाजही खरेपणा वाढवण्याचाच आहे. या क्रमानं करा आणि प्रत्येक बदलानंतर रन करून बघा:

ग्राउंडचं चिन्ह आहे का, आणि एखादा नोड नुसता लोंबकळतोय का ते बघा. चढ-उतार १० ते २० नॅनोसेकंद करा. आउटपुट कपॅसिटरला मालिकेतला रोध द्या, इलेक्ट्रोलायटिकला ५० ते १०० मिलिओहम. मॉस्फेट वापरत असाल तर गेटला ५ ते १० ओहमचा रोध लावा. स्विच-नोडपासून ग्राउंडपर्यंत १० ओहम आणि ४७० पिकोफॅरडचा स्नबर (कंपनं शोषणारी मालिकेतली जोडी) लावा. हा प्रत्यक्ष बोर्डवरही उपयोगी पडतो.

एवढ्यावर बहुतेक सर्किटं चालू होतात. नाही झालं तरच ऑप्शनकडे वळा: सीशंट=१ई-१५ हे एलटीस्पाइसमध्ये प्रत्येक नोडला ग्राउंडशी अगदी लहान कपॅसिटर जोडतं. जीमिन (जंक्शनला समांतर धरलेली किमान वाहकता) १ई-१२ वरून १ई-१० करता येतं. इंटिग्रेशनची पद्धत गिअर केली की खोट्या कंपनांवर पडदा पडतो, पण ती खरी कंपनंही दाबते. स्नबरची किंमत ठरवायला गिअरवर काढलेला आलेख वापरू नका. सेटिंगमधला पर्यायी सॉल्व्हर हळू आहे, पण अचूकता जास्त देतो. रेलटोल (चालवून घेतलेल्या सापेक्ष चुकीची मर्यादा) ०.००१ वरून वाढवणं शेवटचं. त्यानं रन पुढे सरकतो आणि रिपलचे आकडे बिघडतात.

कंपनीच्या संकेतस्थळावरून आणलेलं मॉस्फेट मॉडेल सबसर्किट असेल तर चिन्हाचा प्रीफिक्स एक्स करावा लागतो, नाहीतर मॉडेल सापडत नसल्याची तक्रार येते. पिनांचा क्रमही फाइलच्या पहिल्या ओळींत वाचून घ्या. मॉस्फेटमध्ये तो सहसा ड्रेन, गेट, सोर्स असाच असतो. डायोडच्या सबसर्किटमध्ये अॅनोड-कॅथोड उलटे निघाले तर वर सांगितलेली उलट्या डायोडची लक्षणं दिसतात.

रिपल प्रत्येक आवर्तनात वेगळा

टाइमस्टेपची कमाल मर्यादा दिलेली नाही. आवर्तनाचा दोनशेवा भाग, म्हणजे ५० नॅनोसेकंद द्या: डॉट ट्रान ० २०एम १५एम ५०एन. यात २० मिलिसेकंद चालवून शेवटचे ५ च साठवले जातात, फाइल लहान राहते. एलटीस्पाइस साठवताना आलेख आवळतं; एफएफटी काढायची असेल किंवा मिलिव्होल्टमधला रिपल मोजायचा असेल तर ऑप्शनमध्ये प्लॉटविनसाइझ=० द्या. आणि रिपल २९ मिलिव्होल्ट अपेक्षित असताना १७०-१८० दिसला तर कपॅसिटरचा मालिकेतला रोध तपासा: १०० मिलिओहममधून १.५ अँपिअर गेले की एकटे १५० मिलिव्होल्ट तिथेच होतात. हे उत्तर खरं आहे. २९ वर आणायचं असेल तर शेजारी सिरॅमिक कपॅसिटर लावावे लागतील.

कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर आली तर सर्किट अजून स्थिर झालेलं नाही, किंवा सरासरी अर्धवट आवर्तनांवर काढली आहे. १९ ते २० मिलिसेकंद असा पूर्ण शंभर आवर्तनांचा तुकडा घ्या. स्रोतातून बाहेर जाणारा करंट स्पाइस ऋण दाखवतं, तेव्हा इनपुट शक्तीला वजा चिन्ह लावा. गेट ड्रायव्हरच्या स्रोताची शक्तीही खर्चात धरा.

मॅटलॅबच्या सिम्युलिंकमध्ये टाइमस्टेपचा हाच दोष वेगळ्या रूपात येतो. डिस्क्रीट सोल्व्हिंगला नमुन्याचा काळ १ मायक्रोसेकंद ठेवला तर १० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात ड्युटी फक्त दहा-दहा टक्क्यांनी बदलू शकते, ०.५८ मागितली तरी ०.५ किंवा ०.६ मिळते. तो १०० नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी करा, नाहीतर कंटिन्युअस ठेवून ओडीई२३टीबी निवडा. पॉवरजीयूआय ब्लॉक नसेल तर मॉडेल सुरूच होत नाही.

फीडबॅक जोडल्यावर बिघडलं

आधी फीडबॅक तोडा आणि स्थिर ड्युटीवर वरचे सगळे आकडे जुळवा. ते जुळल्याशिवाय कॉम्पेन्सेटरला (फीडबॅकचा लूप स्थिर ठेवणाऱ्या भागाला) हात लावण्यात अर्थ नाही.

जुळल्यानंतरही आउटपुट खाली पडून इनपुट करंट सरळ रेषेत वाढतच राहिला, तर ड्युटी १०० टक्क्यांवर चिकटली आहे. बूस्टमध्ये हा सापळा हमखास असतो: आउटपुट कमी दिसलं की एरर अँप्लिफायर ड्युटी वाढवतो, स्विच कायम चालू राहतो, डायोडमधून काहीच जात नाही, आउटपुट आणखी पडतं. करंट दर मायक्रोसेकंदाला ०.१०६ अँपिअरनं वाढतो आणि यातून सर्किट आपणहून सुटत नाही. पीडब्ल्यूएमच्या (पल्सची रुंदी ठरवणाऱ्या) तुलनाकाकडे जाणारं नियंत्रण व्होल्टेज मर्यादित करून ड्युटी ०.८ वर अडवा.

आउटपुट काही शे हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झला सतत हेलकावे घेत असेल तर लूप फार वेगवान आहे. बूस्टमध्ये उजव्या अर्धप्रतलातला झिरो असतो. ड्युटी वाढवली की आउटपुट आधी क्षणभर खाली जातं, मग वर येतं, कारण तेवढा वेळ डायोडला कमी मिळालेला असतो. आपल्या सर्किटमध्ये हा झिरो २४ × ०.४१७ चा वर्ग ÷ (२ पाय × ४७ मायक्रोहेन्री) = सुमारे १४ किलोहर्ट्झला आहे. लूपचा क्रॉसओव्हर (लूपचं गेन १ वर येतं ती वारंवारता) त्याच्या चौथ्या भागात, साडेतीन किलोहर्ट्झच्या आत ठेवा. लोड जड झाला किंवा इनपुट उतरलं की हा झिरो खाली सरकतो, म्हणून हिशेब सर्वात कमी इनपुट आणि पूर्ण लोडला करा.

पीक करंट मोड (करंट ठरलेल्या शिखराला पोचला की स्विच बंद करणारं नियंत्रण) वापरत असाल आणि पल्स एक रुंद, एक अरुंद अशा आलटून-पालटून येत असतील, तर तो सबहार्मोनिकचा दोष आहे. ड्युटी निम्म्याच्या वर गेली की तो येतोच, आणि आपली ०.५८ आहे. करंट सेन्सच्या सिग्नलमध्ये वाढता उतार मिसळावा लागतो. इंडक्टरचा उतरता उतार ७ ÷ ४७ = ०.१४९ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद. त्याच्या निम्मा, म्हणजे ०.०७५ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद द्या. सेन्सचा रोध ५० मिलिओहम असेल तर हा उतार ३.७ मिलिव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद होतो, पूर्ण १० मायक्रोसेकंदांत ३७ मिलिव्होल्ट. गेटच्याच वारंवारतेचा आणि तिच्याबरोबरच शून्यापासून सुरू होणारा करवतीसारखा सोर्स घेऊन तो सेन्सच्या व्होल्टेजमध्ये मिळवा, आणि पल्सची रुंदी सलग वीस आवर्तनं कर्सरनं मोजून बघा.